काचेचा उंबरठा

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली की आमच्या वर्गात विषयांची वाटणी ठरल्यासारखी होते. कुणी पाऊस घेतो, कुणी आई, कुणी गावाकडची जत्रा. यंत्राचा विषय मात्र कुणी घेत नाही. तो विज्ञान शाखेचा, असे आपण धरूनच चाललेले असतो. पण एखादे यंत्र घरातल्या माणसाचे अस्तित्वच मान्य करीत नसेल, तर तो विषय कोणत्या शाखेचा समजायचा? मला वाटते, तो आपल्याही शाखेचा आहे. म्हणून हा लेख मोबाइलच्या काचेविषयी, तिच्यामागे दडलेल्या चिपांविषयी आणि त्या चिपांना बोलते करू पाहणाऱ्या काही हौशी माणसांविषयी आहे.

‘हौशी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. आपल्याकडे हौशी नाटकवाल्यांची परंपरा मोठी आहे. दिवसभर कचेरीत किंवा दुकानात राबायचे, रात्री तालीम करायची, प्रसंगी पदरमोड करायची आणि प्रयोग मात्र व्यावसायिकांच्या तोडीचा करायचा, असा त्यांचा बाणा. संगणकाच्या जगातही अशी मंडळी आहेत. १९९१च्या ऑगस्ट महिन्यात फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. ही आपली नुसती हौस आहे, असेच त्याने तेव्हा सांगितले होते. त्या हौसेचेच पुढे लिनक्स झाले. आज आपल्या हातातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात त्याचा गाभा आहे.

याच लिनक्सच्या आधारे २०१७ साली काही स्वयंसेवकांनी पोस्टमार्केटओएस नावाची प्रणाली सुरू केली. फोन बाजारातून गेला, कंपनीने नव्या आवृत्त्या देणे थांबवले, की चांगला चालणारा फोनही हळूहळू निरुपयोगी होतो. त्याला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हा या मंडळींचा हेतू. अल्पाइन लिनक्स नावाच्या अगदी सुटसुटीत प्रणालीवर त्यांनी हे काम उभारले. ते अजून पूर्ण झालेले नाही. अनेक फोनांवर कॅमेरा चालत नाही, काहींवर कॉलही लागत नाही. तथापि, ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्या किती कष्टांनी घडतात, हे अशा अर्धवट कामातच चांगले दिसते.

माझा थोरला भाऊ एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जुना फोन घरी डब्यात पडून होता. २०१५ सालचा, स्नॅपड्रॅगन ४१० प्रोसेसरचा, सेकंडहँड घेतलेला. अण्णा गवंडीकाम करतात. तो फोन एकदा परांचीवरून खाली पडला, तेव्हा त्याचा कॉम्बो, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र जोड, बदलून घेतला होता. या फोनवर पोस्टमार्केटओएस घालून पाहायचे, असे दादाच्या मनात आले. दुकान बंद झाल्यावर तिथल्या जुन्या संगणकावर आम्ही बसू लागलो. इंग्रजीत लिहिलेले मी वाचायचे आणि अर्थ सांगायचा, हाताने करायचे ते दादाने करायचे, अशी आमची विभागणी होती.

फोन सुरू झाला. पडद्यावर चित्र आले. बोट लावले तर काहीच होईना.

याचे कारण शोधताना जे कळले ते मला मोठे नवलाचे वाटले. यूएसबीने जोडलेली वस्तू दारात आलेल्या पाहुण्यासारखी असते. मी अमुक, मला तमुक काम येते, असे ती आपणहून सांगते. फोनच्या आतल्या चिपा तशा नसतात. टचची चिप, गुरुत्व ओळखणारी चिप, उजेड मोजणारी चिप या बहुधा आय-स्क्वेअर-सी नावाच्या दोन तारांच्या वाटेवर बसवलेल्या असतात. ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. एक तार ठेका धरते, दुसरीवरून निरोप जातात. प्रत्येक चिपेला एक पत्ता असतो; त्या पत्त्यावर हाक मारली तर ती ओ देते, पण आपले नाव स्वतःहून सांगत नाही. मग कोण कुठे बसले आहे, हे प्रणालीला कळावे कसे? त्यासाठी ‘डिव्हाइस ट्री’ नावाची एक लिखित यादी असते. या तारेवर, या पत्त्यावर, या नावाची चिप आहे. काही घडले की ती अमुक तारेवरून टिचकी मारील. तिला वीज अमुक ठिकाणाहून द्या. कंपनी फोन बनवते तेव्हा तिला हे माहीत असते. हौशी माणसाला ते एकेक करून शोधावे लागते.

आमच्या फोनच्या यादीत लिहिलेली टचची चिप एक होती आणि बदललेल्या कॉम्बोमागे बसलेली दुसरीच होती. टच चालत नसला तरी फोन यूएसबीच्या वायरीने संगणकाला जोडून आज्ञा देता येतात. तसे करून दादाने तारेवरचे सगळे पत्ते एकामागून एक ठोठावले. षोडशमान पद्धतीत ३८ असा लिहिला जाणारा एक पत्ता ओ देऊ लागला. तो फोकलटेक घराण्यातल्या चिपांचा नेहमीचा पत्ता. दुरुस्तीच्या दुकानात अशा गोष्टींचे कुणाला आश्चर्य वाटत नाही. पर्यायी कॉम्बोमागे काय असेल ते काच उघडल्यावरच कळते. काही चिपा तर मूळ चिपेचे सोंग घेतात, पण तिचे सगळे नियम पाळत नाहीत. अशा बदललेल्या काचांसाठीही हौशी लोकांनी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये खास तुकडे लिहिलेले आहेत. त्यांनाही आपल्यासारखेच फुटके फोन वापरावे लागत असणार! दादाने यादीतले नाव आणि पत्ता बदलला, सगळे पुन्हा बांधून फोनमध्ये घातले, आणि काच माझ्या बोटाला ओळखू लागली.

पण ओळखणे म्हणजे नक्की काय? काचेखाली बारीक, पारदर्शक तारांची जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक. बोट जवळ आले की त्या जागेची विद्युतधारणा किंचित बदलते. चिप हा बदल सेकंदाला कित्येकदा मोजते आणि तो एका ठरावीक आकड्याच्या पलीकडे गेला, तरच बोट आले असे मानते. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली असा पडदा मांडला. विमानांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, हा विचार होता. पुढे १९७३ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत बेंट स्टुम्प यांनी प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षासाठी असे पडदे घडवले. हे दोन्ही पडदे खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसांसाठी होते.

आता अण्णांचे बोट पाहा. तीस वर्षे सिमेंटमध्ये काम केल्याने बोटांच्या टोकांना जाड, कोरडे घट्टे पडले आहेत. वरचा थर म्हणजे मेलेली कातडी. ती वीज वाहू देत नाही आणि जिवंत, ओलसर बोटाला काचेपासून दूर ठेवते. अंतर वाढले की धारणेतला बदल कमी होतो. कमी झाला की तो आकडा ओलांडला जात नाही. त्यामुळे अण्णांनी काचेवर बोट ठेवले तरी काचेच्या दृष्टीने तिथे कुणी आलेलेच नसते. रेशन दुकानातल्या यंत्राला त्यांच्या अंगठ्याच्या रेषा सापडत नाहीत, तो प्रश्न वेगळा. तिथली चिप रेषा शोधते आणि त्या सिमेंटने झिजलेल्या आहेत. इथे रेषांचा संबंध नाही; इथे बोट आहे की नाही, एवढाच सवाल आहे.

अण्णांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. नोटा मोजताना करतात तसे बोट जिभेला लावायचे आणि मग काच दाबायची. एकदा जमे, दुसऱ्यांदा नाही. हल्ली ठेकेदार मजुरी फोनवर पाठवतो. किराणा दुकानात पैसे द्यायचे तर पिन घालावा लागतो. चार आकडे ओळीने उमटायचे म्हणजे चारदा बोट ओले करणे आले, तेही मागे गिऱ्हाईक उभे असताना. म्हणून अण्णा फोन गल्ल्यावरच्या पोराच्या हातात देत आणि पिन तोंडाने सांगत. चार लोकांच्या देखत. मी त्यांना म्हटले, “अण्णा, पिन कुणाला सांगायचा नसतो.” त्यावर ते एवढेच म्हणाले, “मला कळतंय गं. पण ह्या काचेला माझं बोटच कळत नाय, त्याला मी काय करू?”

हे वाक्य माझ्या मनात रुतले होते. म्हणून टच सुरू झाल्यावर मी दादाला म्हटले, की अण्णांचे बोट लावून पाहू या.

लिनक्समध्ये काचेवरची प्रत्येक हालचाल ओळी-ओळींनी वाचता येते. बोट टेकले की त्याला एक क्रमांक मिळतो. मग आडवी जागा, उभी जागा यांचे आकडे येत राहतात. बोट उचलले की त्या क्रमांकाच्या जागी उणे एक लिहिले जाते. मी बोट ओढले, तेव्हा एकाच क्रमांकाखाली आकड्यांची लांबलचक रांग लागली. अण्णांनी ओढले, तेव्हा मधूनच उणे एक आले; नवा क्रमांक, पुन्हा उणे एक. त्यांचे बोट काचेवरून उचललेही नव्हते, तरी यंत्राने त्या एका रेघेचे चार तुकडे केले. अण्णा चष्मा लावून तो पडदा पाहत होते. मी त्यांना त्या उणे एकचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, “म्हणजे माझं बोट हाय, आणि हे म्हणतंय गेलं.”

फोकलटेकच्या या चिपांसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, त्याच्या माहितीपत्रात एक सोय सांगितली आहे. बोट मानायचे की नाही हे ठरवणारा आकडा ० ते ८० या दरम्यान आपल्याला बदलता येतो. इंग्रजीत त्या आकड्याला उंबरठा याच अर्थाचा शब्द आहे. संवेदनशीलतेचा दुसरा एक आकडा ० ते ३१ असा असतो, आणि तो उलटा चालतो. जितका लहान तितकी चिप हळवी. दादाने पहिला आकडा पायरीपायरीने खाली आणला आणि अण्णा प्रत्येक वेळी रेघ ओढत राहिले. चार तुकड्यांचे दोन झाले, दोनाचा एक झाला. शेवटी अण्णांची रेघ माझ्या रेघेसारखी सलग उमटली. बोट ओले न करता.

इथेच गोष्ट संपती तर किती बरे झाले असते! पण दादाने फोन चार्जिंगला लावला आणि पडद्यावर कुणी हात लावलेला नसताना आकडे धावू लागले. चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट चिपेला बोटासारखा वाटू लागला होता. दुकानात याला घोस्ट टच म्हणतात. पाण्याचा एक थेंब पडला, तर तोही बोट ठरला. उंबरठा खाली आणला की अण्णा आत येतात, पण त्यांच्याबरोबर भुतेही येतात. मी हे सांगितले तेव्हा अण्णा हसले. म्हणाले, “आमचं पण तसंच असतंय. उंबरा उंच घेतला तर पावसाचं पाणी घरात येत नाय, पण म्हातारं माणूस अडखळतंय. कोण राहणार हाय ते इचारूनच उंबरा बांधायचा.”

मी विचार करीत राहिले. कंपनीच्या कारखान्यात कुणीतरी तो आकडा ठरवला असेल. चार्जरचा गोंगाट, पावसाचा थेंब, खिशातला घाम, सगळे मोजले असेल. वाईट हेतू कुणाचाच नसेल. पण समोर जी बोटे होती, तीच त्याने मोजली असणार. घट्टे पडलेले बोट त्या टेबलावर आले होते का?

टचनंतर दादाने गुरुत्व ओळखणारी चिप हाती घेतली. फोन आडवा केला की चित्र आडवे होते, ते हिच्यामुळे. तिच्या पोटात केसाहून बारीक अशी सिलिकॉनची रचना असते. पृथ्वीच्या ओढीने ती किंचित सरकते आणि तीन दिशांचे तीन आकडे देते. फोन स्थिर असेल तर खाली-वरच्या दिशेला ९.८ च्या आसपास आकडा येतो. मात्र ही चिप पट्टीवर कशीही वळवून बसवलेली असू शकते. त्यामुळे आमचा फोन उभा धरला की चित्र आडवे आणि आडवा धरला की उभे होत होते. यासाठी डिव्हाइस ट्रीत नऊ आकड्यांचा एक चौकोन लिहायचा असतो. त्यात बहुतेक शून्ये, बाकी एक आणि उणे एक. चिपेची डावी बाजू ती फोनची कोणती, हे तो चौकोन सांगतो. कानाजवळ फोन नेल्यावर पडदा विझवणाऱ्या चिपेचेही असेच. वस्तू जवळ आली की तिचा आकडा चढतो, पण कोणत्या आकड्याला ‘जवळ’ म्हणायचे हे कुणीतरी लिहून द्यावे लागते. पुन्हा उंबरठाच! काही नव्या प्रोसेसरांत तर या चिपा मुख्य प्रोसेसरला जोडलेल्याच नसतात. वेगळ्या लहान प्रोसेसरमार्फत त्यांच्याशी बोलावे लागते आणि हौशी लोकांची वाट आणखी बिकट होते.

गुरुत्वाच्या चिपेचे काम अण्णांना समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. “हा तर ओळंबा,” ते म्हणाले. “आणि आडवा ठेवला की पाणसळ.” त्यांनी फोन घरातल्या फरशीवर ठेवायला सांगितला, मोरीच्या दिशेने. त्या दिशेचा आकडा आला ०.३५. दादा तो लिहून घेणार इतक्यात अण्णा म्हणाले, “थांब. फिरवून ठेव. नवी पाणसळ आणली की आधी उलटी करून बघायची असते. तिची खोट तिलाच इचारायची.” फोन टोकाला टोक फिरवून त्याच जागी ठेवला. आता उतार उलट्या बाजूला गेला, म्हणजे आकडा तितकाच पण उणे यायला हवा होता. तो आला ०.११. म्हणजे चिपेतच खोट होती. दोन्ही आकड्यांची बेरीज निम्मी केली की ती खोट मिळते, ०.२३, वजाबाकी निम्मी केली की खरा उतार मिळतो, ०.१२. त्याला ९.८ ने भागले, तर उतार ८२ला १ असा निघाला. दहा फूट म्हणजे १२० इंच. त्याला जवळजवळ दीड इंच. मी हे कागदावर मांडत होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “दहा फुटाला दीड इंच. मीच ठेवलाय.” ती फरशी त्यांनी स्वतः बसवलेली आहे.

त्या क्षणी मला काय वाटले, ते नीट सांगता येणार नाही. कॉलेजात मी ज्ञान मिळवते आणि घरी आणते, असे सगळे म्हणतात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून शेजारीपाजारीही कौतुकाने तसेच बोलतात. पण उपकरणाचा शब्द खरा धरण्याआधी त्याला उलटे करून पाहावे, ही गोष्ट मला कोणत्याही तासाला कुणी शिकवली नव्हती. ती अण्णांच्या हातात होती. ज्या बोटांना काच ओळखत नव्हती, त्याच बोटांनी तिच्या शेजारच्या चिपेची खोट काढली.

यातून अण्णांच्या रोजच्या फोनचे काय झाले, असे कुणी विचारील. त्या फोनवर हा आकडा बदलण्याची सोय आम्हाला सापडली नाही. तो आत कुठेतरी आहे, पण कुलूपबंद. हौशी प्रणालीवर पैशांचे ॲप चालवणेही शक्य नाही, त्यामुळे जुना फोन अण्णांच्या कामी येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. दादाने आपल्या चिपेचे नाव आणि पत्ता त्या फोनच्या माहितीत नोंदवला. कुठल्या तरी गावात असाच कॉम्बो बदललेला फोन कुणाकडे असेल, तर त्याला सगळे पत्ते ठोठावत बसावे लागू नये.

पण अंतर वाढले की ओळख कमी होते, हे एकदा कळल्यावर एक गोष्ट करण्यासारखी होती. अण्णांच्या फोनवर जाड टेम्पर्ड काच चिकटवलेली होती. दादाने ती काढून टाकली. मग आम्ही त्यांची दहाही बोटे एकेक करून लावून पाहिली. थापी धरताना करंगळीवर भार कमी येतो, म्हणून तिच्यावर घट्टा नाही. करंगळीचा स्पर्श काचेने लगेच घेतला. आता अण्णा किराणा दुकानात पिन घालताना करंगळी वापरतात, आणि घालताना दुसरा हात आडवा धरतात.

— द्वितीय वर्ष, कला शाखा